आरोपी तोच आहे याची खात्री आहे, मग चाकू 'दाखवला' तर काय बिघडलं?

प्रश्न विचारणारे पीएसआय आहेत, नोकरीला दोनेक वर्षं झालेली, नागपुरातच एका पोलीस स्टेशनला. प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात सांगतो. रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या एका किराणा दुकानदाराला गल्लीच्या तोंडाशी चाकू मारून गल्ल्याची बॅग नेली, दोन दिवसांनी तो मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, वारला. डीबीच्या, म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या पोरांनी रेकॉर्डवरचा, आधी गुन्हे नोंद असलेला, एक मुलगा उचलला, त्याचं टॉवर लोकेशन तिथलंच आलं, तोंडी कबूलही झाला, पण चाकू काही मिळून नाही राहिला. वरचे साहेब म्हणतात एक चाकू दाखव, म्हणजे कुठूनतरी आणून आरोपीनेच काढून दिला असं कागदावर घे, तसं त्याचं निवेदन म्हणजे मेमोरंडम कर, पंच मी पाठवतो. बाहेर व्यापारी मोर्चा काढायच्या गोष्टी करून राहिले. आणि यांचं म्हणणं, आरोपी तोच आहे याची मला शंभर टक्के खात्री आहे, एका चाकूपायी खुनी सुटू द्यायचा का, दुकानदाराच्या बायकोला काय तोंड दाखवू, आणि साहेबांना नाही म्हटलं तर माझं काय होईल.

मी पीएसआय म्हणून लागलो आणि एसीपी म्हणून रिटायर झालो, मधली बरीच वर्षं नागपूर शहरात आणि विदर्भात तपासावरच गेली. तुमचे साहेब मी नाही आणि तुमचे कागदही माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या जिथं येतील तिथं सांगतो. पण एक परिस्थितीवर नाही. चाकू दाखवायचा नाही. ते कोणत्याच केसमध्ये नाही, याही केसमध्ये नाही.

आता एवढंच सांगून मी थांबलो तर तुम्हाला काही उपयोग नाही, कारण हे तुम्हालाही माहीत आहे, नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं. तुम्ही विचारून राहिले की खात्री असताना थोडं खोटं चालेल का. मला त्याच्या आधीचं विचारायचं आहे, ही खात्री आली कुठून? कारण तुमच्या पूर्ण प्रश्नाचं वजन त्या शंभर टक्क्यांवर आहे, आणि तुम्ही जे तीन आधार लिहिले ते मी एकेक करून हातात घेतले तर मला त्यात शंभर काय, पन्नाससुद्धा दिसत नाहीत.

पहिला आधार रेकॉर्ड. डीबीवाले गुन्हा घडला की आधी रेकॉर्डवरची पोरं तपासतात, ते बरोबरच आहे, सुरुवात कुठून तरी करावीच लागते. पण रेकॉर्डवर होता म्हणून उचलला आणि मग "अरे हा तर रेकॉर्डवरचा आहे" हे आपणच पुरावा म्हणून परत मोजतो. एकच गोष्ट दोनदा मोजली. आपल्या विदर्भात हे फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, किती वेळा झालं हे जुन्या लोकांना विचारा. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला पण ठाण्यात घरफोडी आली की गाडी बेड्याकडे वळायची ती सवय कायद्यासोबत गेली नाही. आणि ही नुसती सामाजिक न्यायाची गोष्ट म्हणून सांगत नाही, तपासाची म्हणून सांगतो. महाराष्ट्रातलीच 2003 ची एक केस आहे, दरोडा, खून आणि बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली, 2009 साली सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीच दिली. 2019 साली त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर त्या घरातल्या जखमी साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळीच चार माणसं ओळखली होती आणि त्या चौघांवर केसच चालली नव्हती. कोर्टाने सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई बघायला सांगितलं. खात्री त्या तपासातही कोणाला कमी नसेल भाऊ. खात्री होती म्हणूनच तर ते चार फोटो बाजूला राहिले असतील.

दुसरा आधार टॉवर. हा मुलगा राहतो कुठं हे तुम्ही लिहिलं नाही, पण डीबीने उचलला म्हणजे बहुतेक तिथलाच, नाहीतर बाजूच्या वस्तीतला. मग त्याचा मोबाईल त्याच टॉवरवर येणार नाही तर कुठं येणार? इतवारी, महाल, पाचपावलीसारख्या दाट वस्तीत एका टॉवरच्या एका सेक्टरखाली हजारो माणसं झोपलेली असतात. सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीचा कॉल रेकॉर्ड, सांगतो की फोन त्या भागात होता, गल्लीच्या तोंडाशी होता असं सांगत नाही, आणि फोन कोणाच्या हातात होता हेही सांगत नाही. टॉवरचा खरा उपयोग उलट बाजूने होतो. माणूस रोज रात्री साडेदहाला घरीच असतो आणि त्याच रात्री फोन दीड तास बंद, किंवा घटनेनंतर लगेच लोकेशन कामठी रोडने सरकत गेलं, असं काही असेल तर त्याला अर्थ आहे. म्हणून फक्त त्या रात्रीचा नाही, मागच्या दोन तीन महिन्यांचा सीडीआर घेऊन त्याची रोजची सवय काय ते आधी बघा.

तिसरा आधार कबुली, आणि इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून इथं जरा थांबतो.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी पाठ केलं, पूर्वी एव्हिडन्स अॅक्टचं कलम 25, 26 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. आणि बहुतेक पोरं ते एक अडथळा म्हणून शिकतात, की कायद्याचा आपल्यावर विश्वास नाही वगैरे. मी ते वेगळ्या पद्धतीने बघायला शिकलो. कबुली कोर्टात चालते की नाही हे सोडा, तुम्हाला स्वतःला ती खरी वाटायला पाहिजे का? त्याची एकच कसोटी आहे. त्याने तुम्हाला असं काही सांगितलं का, जे तोपर्यंत ठाण्यात कोणालाच माहीत नव्हतं, आणि नंतर तपासल्यावर खरं निघालं? सांगितलं असेल तर त्या कबुलीत जीव आहे, कलम 23 चं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, जुनं 27, याच साठी आहे. इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट, प्रिव्ही कौन्सिल, त्याने तेव्हाच सांगून ठेवलं की मिळालेल्या वस्तूशी थेट जोडलेला तेवढाच भाग वाचायचा, बाकी नाही. आणि नसेल सांगितलं, फक्त आपल्याला माहीत होतं तेच आपल्याला परत ऐकवलं असेल, तर ती कबुली आपलाच आवाज आहे.

हे कसं होतं ते सांगतो. डीबीचा हवालदार विचारतो, "निळी बॅग कुठं फेकली बे?" आता पोराला कळलं की बॅग निळी होती. दुसरा विचारतो, "मागून मारला का समोरून?" दोन पर्याय मिळाले, एक चुकला की कानफटात बसते, दुसरा बरोबर येतोच. तास दोन तासांत त्याच्याकडे पूर्ण स्टोरी तयार असते आणि ती आपल्याशी तंतोतंत जुळते, जुळणारच ना, आपणच दिलेली आहे. मग सगळे एकमेकांना म्हणतात की सगळं बरोबर सांगून राहिला. मारहाणीचं तर बोलायलाच नको, कबुलीसाठी इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 मध्ये 7 वर्षांपर्यंत आहे, गंभीर इजा असेल तर 10, पण शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी मार खाणारा माणूस मार थांबेल ते बोलतो, खरं असेल ते बोलेलच असं नाही. म्हणून तुम्ही चौकशी करत असाल तर घटनेच्या दोन तीन गोष्टी मुद्दाम कोणालाच सांगायच्या नाहीत, डीबीलासुद्धा नाही. बॅगेत रोख सोडून काय होतं, वार किती आणि कुठल्या बाजूला होते, असं काहीतरी. त्या गोष्टी आरोपीच्या तोंडून आपोआप आल्या तर बघा.

आता चाकूकडे येतो. तुम्हाला वाटून राहिलं की चाकू नाही म्हणजे केस गेली. असं नाही. हत्यार मिळालं नाही एवढ्यावरून खुनाची केस पडत नाही, बाकी पुरावा भरवशाचा असेल तर शिक्षा होते, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी निकालांत सांगितलं आहे. हत्यार नाग नदीत टाकलं, नाल्यात टाकलं, मिळालं नाही, असं सरळ लिहा. शोधलं कुठं कुठं, कोणाला घेऊन, किती वेळ, ते लिहा. प्रामाणिकपणे शोधूनही मिळालं नाही हे कोर्टाला पटतं.

पण दाखवलेला चाकू केस पाडतो, आणि कसा पाडतो तेही बघा, कारण साहेबांशी बोलताना तुम्हाला हेच उपयोगी पडणार आहे. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी जखमेची लांबी, रुंदी, खोली, एका बाजूला धार की दोन्ही बाजूंना, हे सगळं लिहून ठेवलं आहे. तुमचा चाकू त्यांच्याकडे क्वेरीला, म्हणजे लेखी मत विचारायला, जाईल की याने ही जखम होऊ शकते का. मग धंतोलीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल आणि सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, येईल की रक्त आढळलं नाही. आणि त्या चाकूला रक्त लावायचं कोणाच्या डोक्यात आलं तर आपण कुठं पोचलो ते तुम्हीच बघा. त्यात 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं, ते ई-साक्ष्य या पोलिसांच्या अॅपवर वेळ आणि ठिकाणासकट चढतं. आरोपी भिंतीमागून स्वतः काढून देऊन राहिला असं व्हिडिओत दिसलं पाहिजे, आणि खोटं काढून देताना माणसाचे डोळे आधी पोलिसाकडे जातात, हे जजला दिसतं. पंच तर साहेब पाठवणार म्हणतात, म्हणजे ठरलेले पंच, ज्यांची सही अजून चार केसेसमध्ये आहे. कायद्यात त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित दोन पंच लिहिलेत. बचावाचा वकील सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात रोज उभा असतो, त्याला ही नावं तोंडपाठ असतात.

आणि एक खोटं पकडलं गेलं की जे खरं होतं तेही जातं. तुमचा सीडीआर खरा होता, सीसीटीव्ही खरा होता, पण ज्या आयओने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, चाकू पेरला त्याने बाकी काय केलं असेल असं वकील विचारणार आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नसणार. फाशीच्या गुन्ह्यात दोषी ठरावा म्हणून खोटा पुरावा तयार केला तर न्याय संहितेच्या कलम 230 मध्ये जन्मठेपेपर्यंत आहे, लोकसेवकाने मुद्दाम चुकीचा अभिलेख बनवला तर 256 वेगळं. वरून तोंडी सांगणाऱ्याची सही कुठंच नसते, पंचनाम्यावर तुमची असते.

अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला विचारायची आहे. हा मुलगा ठाण्यात कधी आणला आणि अटक कधीची दाखवली? तुम्ही "उचलला" एवढंच लिहिलं. माझ्या अनुभवात चाकू हे पहिलं खोटं नसतंच. पहिलं खोटं अटकेच्या वेळेचं असतं. परवा संध्याकाळी आणला, कागदावर आज सकाळी. मग दुसरं, पंचांच्या आधीच घेतलेल्या कोऱ्या सह्या. मग तिसरं, चार साक्षीदारांचे जबाब अक्षरशः एकसारखे, कॉपी पेस्ट, टायपिंगची चूकसुद्धा तीच. ही सगळी लहान कामं वाटतात, सगळे करतात असं सीनियर हवालदार सांगतो, त्यात कोणाचं वाईट करायचं मनातही नसतं. आणि मग चाकूची गोष्ट येते तेव्हा नाही म्हणायला आपल्याकडे जागाच उरलेली नसते, कारण वरचा म्हणतो की परवाचं चाललं तुला, आजचं नाही चालत का? म्हणून खात्री करा. 24 तासांत कोर्टापुढे नेण्याचा नियम, अटकेची कारणं सांगणं, नातेवाईकांना कळवणं, मेडिकल, वकील भेटू देणं, हे सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून सगळ्यांना माहीत आहे, आता सगळं संहितेत आहे. आणि ठाण्यात कॅमेरे आहेत. सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितलं की फुटेज 18 महिने, निदान 1 वर्ष तरी राहिलं पाहिजे. बचावाने ते फुटेज मागितलं की तुमची स्टेशन डायरी एक सांगणार आणि कॅमेरा एक. तिथं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर अजून वेळ आहे, खरी वेळ केस डायरीत आणि रिमांडच्या कागदात आणा, एपीपींना, म्हणजे सरकारी वकिलांना, आधी सांगा. थोडं ऐकून घ्यावं लागेल, पण हे नंतर दुरुस्त होत नाही.

इथपर्यंतचं एका वाक्यात, तुमची खात्री रेकॉर्ड, टॉवर आणि कबुलीवर उभी आहे, त्यातलं काहीच एकट्याने उभं राहत नाही, आणि चाकूने ते मजबूत होत नाही तर बिघडतं. आता करायचं काय.

आधी मेडिकलचे कागद. दुकानदार दोन दिवस जिवंत होता हे तुम्ही सहज लिहून गेले पण मला त्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. मृत्युपूर्व जबाब घेतला का कोणी? कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, डॉक्टरने रुग्ण शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत आहे असा शेरा देऊन? नसेल घेतला तरी संपलं नाही. कॅज्युअल्टीत आणल्यावर डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, लिहितात, त्यात हिस्ट्रीचा रकाना असतो, काय झालं आणि ते कोणी सांगितलं. दुकानदाराने स्वतः सांगितलं असेल, "ओळखीचा नव्हता" किंवा "दोघं होते" किंवा नावच सांगितलं असेल. वॉर्डात बायकोशी, भावाशी काही बोलला असेल. फिर्याद त्याच्याच तोंडून घेतली असेल तर ती फिर्यादसुद्धा आता मृत्युपूर्व जबाब म्हणून वाचता येते, साक्ष्य अधिनियमाचं कलम 26. चाकूच्या मागे पूर्ण टीम धावून राहिली आणि हा कागद रेकॉर्ड रूममध्ये पडून असतो, मी हे पाहिलेलं आहे. आणि त्यात "दोघं होते" असं निघालं तर तुमची एका मुलाची पूर्ण स्टोरी बदलते.

मग सीसीटीव्ही, आणि हे खरंच आजच. छोट्या दुकानांचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, काही दिवसांतच वरून लिहिले जातात, कुठं आठ दिवस, कुठं पंधरा. घटनास्थळाचाच कॅमेरा बघू नका, येण्याजाण्याचे सगळे रस्ते बघा, आणि दुकानदारावर आधी कोणी नजर ठेवली होती का म्हणून मागच्या तीन चार रात्रीही बघा. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकीचं असतं, ते खऱ्या वेळेपेक्षा किती पुढं मागं आहे ते पंचनाम्यात लिहा, नाहीतर कोर्टात तुमचा आरोपी खुनाच्या वीस मिनिटं आधीच पळताना दिसेल. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट, पूर्वी 65 ब, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 63, ते विसरू नका. जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, 2020 साली सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारक म्हणून स्पष्टच सांगितलं.

तिसरं, त्या मुलाचं म्हणणं. तो कबूल होण्याच्या आधी काय सांगत होता? मी कुठं होतो म्हणाला? ते कोणी लिहून घेतलं का, आणि तपासलं का? मला आठवते, सराफाच्या दुकानातल्या नोकराला धक्का देऊन बॅग नेल्याची एक केस होती, माझ्या आधीच्या टीमने रेकॉर्डवरचा एक जण आणला होता, सगळ्यांची खात्री, तो पहिल्या तासापासून म्हणून राहिला की बहिणीला घेऊन मेयो हॉस्पिटलात होतो. सगळे म्हणायचे सगळेच असं म्हणतात. तपास माझ्याकडे आला तेव्हा एका महिला कॉन्स्टेबलला फक्त कॅज्युअल्टीचं रजिस्टर बघायला पाठवलं. नोंद होती, वेळ होती, आणि पेशंट घेऊन येणारा म्हणून त्याची सही होती. एका फेरीचं काम. खरा माणूस नंतर मिळाला, त्या दुकानात पूर्वी काम करून गेलेला. त्या कॉन्स्टेबलने नवीन काही शोधलं नव्हतं, आरोपी जे सांगून राहिला ते खरंखोटं करायला कोणीतरी गेलं एवढंच झालं होतं. तुमचा मुलगा म्हणत असेल की कळमना मार्केटला रात्री गाडी खाली करायला होतो, तर मार्केटच्या गेटवर जा, अडत्याला विचारा, सोबतच्या हमालांना वेगवेगळं विचारा. खोटं निघालं तर तुमची केस वाढली, कारण खोटा बचाव हाही साखळीत जोडायला उपयोगी पडतो. खरं निघालं तर एक निर्दोष माणूस वाचला आणि खरा खुनी अजून मोकळा फिरून राहिला हे तुम्हाला वेळेत कळलं. दोन्हीकडून फायदा तुमचाच.

ओळख परेडचं फक्त एवढं, की कोणी पळताना पाहणारा साक्षीदार असेल तर या मुलाचा फोटो ग्रुपवर, पेपरात, पत्रकार परिषदेत कुठंही जाऊ देऊ नका, चेहरा झाकूनच न्या. एकदा फोटो फिरला की ओळख परेडला किंमत राहत नाही. ठाण्यातलाच कोणीतरी हौसेने टाकतो, त्यावर नजर ठेवा.

मी स्वतः एक करायचो, केस डायरीत नाही, वेगळ्या कागदावर. हा आरोपी नसेल तर काय काय दिसायला पाहिजे, ते लिहायचो, आणि मग ते शोधायला माणूस पाठवायचो. आरोपी आहे याचे पुरावे गोळा करायला सगळं ठाणं तयार असतं, नाही याचे शोधायला कोणी जात नाही, ते आयओलाच करावं लागतं, तपास अधिकारी म्हणतात तो यासाठीच.

आता साहेब. हे बरंचसं माणसावर अवलंबून आहे. आधी हे बघा की ते नक्की काय म्हणाले. "चाकू काढ" म्हणजे नीट शोध असंही काही अधिकारी म्हणतात आणि ज्युनियर त्याचा वेगळा अर्थ घेतो. पण तुम्ही म्हणता तसं स्पष्टच सांगितलं असेल तर चारचौघांत नाही म्हणू नका, एकटे भेटा. नैतिकतेचं भाषण करू नका, केसचं बोला. सर, पीएमची जखम, सीए, ई-साक्ष्यचा व्हिडिओ, हे जुळणार नाही, क्रॉसला, उलटतपासणीला, मी उभा राहणार आणि आपली पूर्ण केस जाईल, मला त्याऐवजी डीव्हीआर आणि एमएलसीवर चार माणसं द्या. बहुतेक साहेबांनाही चाकू नको असतो, वर सांगायला काहीतरी प्रगती पाहिजे असते. ती प्रगती तुम्ही त्यांच्या हातात द्या, रोज संध्याकाळी काय झालं ते लिहून द्या. तरीही अडून बसले तर, सर, तसं लेखी द्या, एवढं नम्रपणे म्हणा. लेखी येत नाही. केस डायरी रोजची, पानांचे नंबर टाकलेली, खरी लिहा, हत्यार शोधलं, मिळालं नाही. सरकारी वकिलांचं मत लेखी मागवा, त्याचा आधार होतो. त्याच्या वर जायची वेळ आली तर एसीपी, डीसीपींकडे रीतसर जा. पण रेकॉर्डिंग करून व्हायरल करणं, पत्रकाराला सांगणं, हे करू नका, त्याने तपास उघडा पडतो आणि नुकसान त्या बाईचंच होतं.

बदली होऊ शकते. तपास काढून दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. साइड पोस्टिंग होते, शेरा खराब येतो, मी हे होताना पाहिलंय आणि होत नाही असं तुम्हाला सांगणार नाही. काही ठिकाणी काहीच होत नाही, उलट साहेब पुढच्या अवघड केसला तुम्हालाच बोलावतात. कोणतं होईल ते मी इथून सांगू शकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की केस कोर्टात सुनावणीला येईल तेव्हा तुम्ही गडचिरोलीला असा की गोंदियाला, समन्स तुमच्या नावाने येईल, साहेब तोवर रिटायर झालेले असतील.

मुदतीत पुरावा नाहीच जमला तर? खुनात चार्जशीटसाठी 90 दिवस आहेत, ते कमी नाहीत. तरी नाही झालं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 189 आहे, पुरावा अपुरा म्हणून बाँडवर सोडता येतं. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही तर अ समरी, म्हणजे तसा शेवटचा अहवाल कोर्टाला देणं, आहे. अ समरी म्हणजे नाक कापलं असं ठाण्यात समजतात, ते चुकीचं आहे. अ समरी उघडता येते, पुढं काही मिळालं तर तपास परत चालतो. चार्जशीट गेलं असेल तरी कलम 193 मध्ये पुढचा तपास करता येतो. पण खोट्या चाकूवर निर्दोष सुटलेला माणूस खरंच खुनी असला तरी त्याच गुन्ह्यात परत उभा करता येत नाही, तो दरवाजा कायमचा बंद. खुनी सुटू नये म्हणून तुम्ही जे करायला निघाले त्यानेच तो कायमचा सुटतो.

लोकांच्या दबावाचं म्हणाल, तर नागपूरकराला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2004 मध्ये आपल्याच जिल्हा कोर्टात अक्कू यादवला जमावाने मारलं, कस्तुरबा नगरच्या बायका त्यात होत्या. वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, कोणी ऐकलं नाही, हेच त्या वस्तीचं म्हणणं होतं. हत्यार सापडलं नाही म्हणून कोणत्याच वस्तीचा पोलिसावरचा विश्वास गेलेला मी पाहिला नाही, तक्रार घेऊन गेलेल्या बाईला दारातून परत पाठवलं की तो जातो. मोर्चावाल्यांना आठवड्यात आरोपी फासावर लटकलेला पाहिजे असेल, ते तुम्ही देऊ शकत नाही. भेटणं, ऐकणं, काय करून राहिलो ते सांगता येईल तेवढं सांगणं, हे देऊ शकता.

तेच त्या बाईचं. तुम्ही लिहिलं की तोंड कसं दाखवू. जा ना, दाखवा. कलम 193 प्रमाणे 90 दिवसांत तपासाची प्रगती तिला कळवणं आता कायद्यानेच लागतं, पण तोवर थांबू नका. साध्या कपड्यात, एका महिला कर्मचारीला घेऊन घरी जा, तिला ठाण्यात खेटे घालायला लावू नका. एकाला ताब्यात घेतलं आहे, तोच आहे हे अजून पक्कं झालं नाही, आम्ही थांबलो नाही, असं सरळ सांगा. आरोपी मिळाला असं आत्ता सांगून सहा महिन्यांनी फिरवलं तर ती बाई तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आणि का करावं तिने. आणि बोलता बोलता विचारा, हॉस्पिटलमध्ये त्या दोन दिवसांत ते काही बोलले का, कोणाचं नाव, किती जण, आवाज, काहीही. घाई करू नका, रडली तर रडू द्या, परत जा. माझा अनुभव आहे की घरच्यांना हे कोणी विचारतच नाही, त्यांना वाटतं पोलिसांना माहीत असेल.

एमएलसी हातात आली की हिस्ट्रीच्या रकान्यात काय लिहिलंय आणि ती कोणी सांगितली ते बघा, आरोपीच्या अटकेची खरी वेळ काय आहे तेही बघा, आणि नावं न घालता इथंच लिहा. रिमांड रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते त्यावरून सांगतो.